डिझेलचें इंजिन कोणाला परवडतें?

अमेरिकेंत टेक्सस, कोलोरॅडो यांसारख्या राज्यांत शेतकऱ्याच्या, सुताराच्या किंवा कंत्राटदाराच्या दारांत पिकअप नांवाची गाडी हटकून उभी असते. पुढें माणसांना बसण्याची जागा आणि मागें उघडा हौदा, असें तिचें रूप असतें. या गाड्यांपैकीं जड कामाचा वर्ग, म्हणजे फोर्ड एफ-२५०, रॅम २५००, शेव्हरोले सिल्व्हरॅडो २५०० वगैरे, विकत घ्यावयाचा झाला म्हणजे गिऱ्हाइकापुढें प्रथम एकच प्रश्न येतो: इंजिन डिझेलचें घ्यावें कीं गॅसोलीनचें? आपण ज्याला पेट्रोल म्हणतों, त्यालाच अमेरिकन लोक गॅसोलीन म्हणतात. डिझेलच्या इंजिनासाठीं १० हजार डॉलरांच्या आसपास अधिक रक्कम मोजावी लागते. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाला ही रक्कम लहान नव्हे. म्हणून ती परत येते कीं नाहीं, आणि येत असल्यास कोणाला, हें पाहणें अगत्याचें आहे.

दोन्ही इंजिनांच्या स्वभावांतच फरक आहे. पेट्रोलच्या इंजिनांत हवा व इंधन यांचें मिश्रण विजेच्या ठिणगीनें पेटवितात. रुडॉल्फ डिझेल या जर्मन शोधकानें १८९७ सालीं जें इंजिन यशस्वी करून दाखविलें, त्यांत ठिणगी नसतेच. तेथें नुसती हवा इतकी दाबतात कीं ती दाबानेंच तापते. आणि तींत इंधनाचा फवारा सोडतांच तो आपोआप पेट घेतो. या अधिक दाबामुळें तेवढ्याच उष्णतेंतून अधिक काम निघतें. शिवाय एका गॅलन डिझेलमध्यें पेट्रोलपेक्षां १२-१३ टक्के अधिक उष्णता सांठविलेली असते. म्हणून एका गॅलनांत, म्हणजे सुमारें पावणेचार लिटरांत, डिझेलची गाडी अधिक मैल जाते यांत संशय नाहीं.

परंतु गाडी मैलांवर चालली, तरी संसार डॉलरांवर चालतो. २००४ सालापासून अमेरिकेंत डिझेलचा भाव बहुतेक काळ पेट्रोलपेक्षां चढाच राहिला आहे. मध्यवर्ती सरकारचा करहि पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट, तर डिझेलवर २४.४ सेंट आहे. त्यांत आणखी एक अडचण अशी कीं, भारासह ८,५०० पौंडांहून अधिक वजनाच्या या पिकअप गाड्यांवर गॅलनमागें किती मैल पडतात याचा सरकारी आंकडा लावलेला नसतो. तेव्हां गिऱ्हाइकाला आपला हिशेब स्वतःच मांडावा लागतो.

समजा, पेट्रोलचा भाव गॅलनला ३.२० डॉलर व डिझेलचा ३.८० डॉलर आहे. पहिला मालक शहराजवळ राहतो. तो वर्षाला १२,००० मैल गाडी चालवितो, आणि तीहि बहुधा रिकामीच. त्याची पेट्रोलची गाडी गॅलनला १२ मैल आणि डिझेलची १५ मैल जाते असें धरूं. पेट्रोल १,००० गॅलन लागेल, त्याचे ३,२०० डॉलर. डिझेल ८०० गॅलन लागेल, त्याचे ३,०४० डॉलर. बचत अवघी १६० डॉलर! या गतीनें १० हजार डॉलर फिटण्यास बासष्ट वर्षांहून अधिक काळ लागेल.

दुसरा मालक गुरें वाहून नेणारा आहे. तो वर्षाला २६,४०० मैल जातो आणि त्याच्या गाडीमागें जड ट्रेलर जोडलेला असतो. ओझ्याखालीं पेट्रोलची गाडी ८ मैलांवर व डिझेलची ११ मैलांवर आली असें समजूं. खर्च अनुक्रमें १०,५६० व ९,१२० डॉलर होईल. बचत १,४४० डॉलर. येथें वाढीव रक्कम सात वर्षांत वसूल होते. जुन्या बाजारांत डिझेलच्या गाडीला किंमतहि अधिक येते; तिचा लाभ दोघांनाहि मिळेल. भाव बदलले म्हणजे हे आंकडे बदलतील, पण मांडणी हीच राहील.

इंधनाखेरीज निगेचाहि खर्च असतो. डिझेलच्या इंजिनाला वंगणतेल अधिक लागतें, आणि इंधनाचीं गाळणीं वेळोवेळीं बदलावीं लागतात. २००७ सालापासून धुरांतील काजळी अडविणारें गाळणें, व २०१० सालापासून नायट्रोजनचे अपायकारक वायु कमी करण्यासाठीं युरियाचें द्रावण, यांची त्यांत भर पडली. काजळीचें गाळणें साफ होण्यास धूर चांगला तापावा लागतो. दोन-दोन मैलांच्या फेऱ्यांत तो तापत नाहीं आणि गाळणें तुंबतें. इंधनाचा उच्च दाबाचा पंप बिघडला, तर दुरुस्तीला हजारों डॉलर पडतात. म्हणजे पहिल्या मालकाची ती १६० डॉलरांची बचतहि हातीं लागण्याचा भरंवसा नाहीं.

मग डिझेलची थोरवी कशांत आहे? ती ओढण्यांत आहे. कोलोरॅडोंत डेन्व्हरहून पश्चिमेकडे जाणारा महामार्ग सुमारें ११,००० फुटांवरील आयझेनहॉवर बोगद्यांतून जातो. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ति दर हजार फुटांस सुमारें तीन टक्के घटते. डिझेलच्या इंजिनाला हवा कोंबून देणारा टर्बो असल्यामुळें तें तेथें फारसें थकत नाहीं. उतरतांना धुराची वाट रोधून गाडीला आवरण्याची सोयहि त्यांत असते, त्यामुळें ब्रेक तापून निकामी होण्याचें भय कमी होतें. मागें पांच टन ओझें आणि पुढें लांबच लांब उतार असतां या सोयीचें मोल डॉलरांत करतां येत नाहीं.

उलट पक्षीं, डिझेलचें इंजिन स्वतःच जड असतें. गाडीच्या एकूण वजनाला मर्यादा असल्यामुळें, तितका माल हौद्यांत कमी भरावा लागतो. म्हणून हौद्यांत विटा-सिमेंट वाहणाऱ्या गवंड्याला पेट्रोल सोयीचें, आणि मागें ट्रेलर ओढणाऱ्याला डिझेल.

सारांश, शेजाऱ्याच्या दारांत डिझेल उभें आहे म्हणून आपणहि तेंच घ्यावें, हा हिशेब नव्हे. वर्षाचे मैल किती, त्यांपैकीं ओझ्यासह किती, आणि गाडी किती वर्षें ठेवावयाची, हे तीन आंकडे आधीं कागदावर मांडावे. डिझेलचें इंजिन हा ओझ्यासाठीं पोसलेला बैल आहे. त्याला वर्षभर गोठ्यांत बांधून ठेवला, तरी वैरणीचा खर्च कांहीं चुकत नाहीं.