थरांचें पक्वान्न : स्ट्रॉबेरी, चक्का आणि कुरकुरीत चुरा

रोमचा करारी मुत्सद्दी केटो यानें ख्रिस्तपूर्व १६० च्या सुमारास शेतीवर एक ग्रंथ लिहिला. गुरें, द्राक्षमळे व तेलाचे घाणे यांच्या हिशेबांत त्यानें मध्येंच एका पक्वान्नाची कृति घातली आहे. मेंढीच्या दुधाचें ताजें, न आंबलेलें चीज १४ रोमन पौंड घ्यावें, तें पाण्यांत भिजत घालावें, पाणी तीन वेळां बदलावें, मग हातानें पिळून कोरडें करावें आणि पिठाच्या चाळणींतून घासून काढावें. नंतर त्यांत मध मिसळून तें पिठाच्या पातळ पापुद्र्यांच्या थरांमध्यें भरावें व भाजावें. ज्याला आज चीजकेक म्हणतात त्याचा हा दूरचा पूर्वज. या कृतींतील पिळणें आणि चाळणें या दोन क्रिया दोन हजार वर्षांनंतरहि सुटलेल्या नाहींत. आणि ज्या घरांत श्रीखंड होतें त्या घराला त्या नव्यानें शिकवाव्या लागत नाहींत.

हल्लीं जगभर ज्या मऊ, लोण्यासारख्या चीजकेकचा बोलबाला आहे तो मात्र अमेरिकेचा. न्यूयॉर्क राज्यांतील चेस्टर या गांवीं विल्यम लॉरेन्स नांवाच्या दूधव्यावसायिकानें १८७२ सालीं साय घातलेलें ताजें, मऊ चीज विकावयास काढलें. १८८० पासून तें फिलाडेल्फिया या नांवानें खपूं लागलें. गंमत अशी कीं, तें त्या शहरांत होत नव्हतें. तिकडच्या दुधालोण्याचा लौकिक मोठा, म्हणून नांव तेवढें उसनें घेतलें. अमेरिकन नियमांप्रमाणें या क्रीम चीजमध्यें स्निग्धांश शेंकडा ३३ हून कमी असून चालत नाहीं आणि पाणी शेंकडा ५५ हून अधिक असून चालत नाहीं. हे दोन आंकडे ध्यानांत ठेवले म्हणजे पुढील सर्व खटाटोपाचा उलगडा होतो. थरांच्या पक्वान्नाला शत्रु एकच, आणि तो म्हणजे पाणी.

या शत्रूला घरांत आणणारें फळ म्हणजे स्ट्रॉबेरी. तिच्या वजनांत शेंकडा ९० च्या आसपास पाणीच असतें. आजची टपोरी स्ट्रॉबेरी हीहि मूळची कोण्या एका देशाची नव्हे. फ्रेझिये नांवाचा फ्रेंच इंजिनियर १७१४ सालीं दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांतून मोठ्या फळाच्या जातीचीं रोपें जहाजावरून घेऊन आला. फ्रेंच भाषेंत स्ट्रॉबेरीला फ्रेझ म्हणतात, तेव्हां हें काम जणूं त्याच्या आडनांवांतच लिहिलें होतें! तीं रोपें सगळीं मादी निघालीं व एकटीं असतां फळ धरीनात. पुढें उत्तर अमेरिकेंतील व्हर्जिनियाच्या जातीशीं त्यांचा संकर झाला, आणि १७६६ सालीं द्यूशेन या वनस्पतिशास्त्रज्ञानें तो संकर ओळखून त्याचें वर्णन केलें. म्हणजे दोन अमेरिकांचें लग्न फ्रान्समध्यें लागलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

इंग्रजी अमदानींत हें फळ महाबळेश्वरीं आलें व तेथील तांबड्या मातींत आणि थंड हवेंत रुजलें. २०१० सालीं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालें. पांचगणी, भिलार वगैरे गांवांच्या उतारांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तोडणी चालते. या पिकाची खरी अडचण अशी कीं, आंब्याप्रमाणें तें आढींत पिकत नाहीं. तोडतांना जेवढी गोडी असेल तेवढीच. पुढें केवळ नासणें. म्हणून देंठापर्यंत लाल झालेलें फळच घ्यावें लागतें, आणि असें फळ दोन दिवसांहून अधिक वाट पाहत नाहीं. पेटी उघडावी तों वरचीं फळें रत्नासारखीं, आणि तळचीं दबून पाणी सुटलेलीं. हा अनुभव मुंबई-पुण्याच्या घरांना नवा नाहीं. दबलेलें फळ बाजारांत कवडीमोल ठरतें; परंतु या पक्वान्नाच्या मधल्या थराला नेमकें तेंच हवें असतें. मात्र दबलेलें निराळें आणि बुरसलेलें निराळें. बुरशीचा ठिपका दिसला तर तें फळ पुरतेंच टाकावें. तेवढा भाग कापून उरलेलें वापरण्याची काटकसर मऊ फळांत धोक्याची असते.

क्रीम चीज महाग पडतें व सर्वत्र मिळत नाहीं. त्याच्या जागीं चक्का घेतला तर पदार्थ उणा होतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. चक्क्याचा आंबटपणा स्ट्रॉबेरीला अधिक शोभतो. चुकतें तें एवढेंच कीं, लोक चक्का पुरता निथळूं देत नाहींत. म्हशीच्या निर्भेळ दुधाचें एक किलो गोड दहीं मलमलच्या फडक्यांत बांधून रात्रभर शीतपेटींत टांगलें असतां ४०० ते ५०० ग्रॅम चक्का निघतो. तो बोटानें दाबला असतां खळगा तसाच राहावा व ओल सुटूं नये. मग तो पुरणयंत्रांतून काढावा, म्हणजे कण राहत नाहींत. स्निग्धांशाची उणीव भरून काढण्यासाठीं ५०० ग्रॅम चक्क्यांत २०० ग्रॅम ताजी साय व १२५ ग्रॅम पिठीसाखर हलक्या हातानें मिसळावी.

तळासाठीं २०० ग्रॅम साधीं गव्हाचीं बिस्किटें लाटण्यानें बारीक करून त्यांत ९० ग्रॅम पातळ केलेलें लोणी चोळावें. २० सेंटिमीटर व्यासाच्या, कडा सुटी होणाऱ्या भांड्यांत तें वाटीच्या बुडानें घट्ट दाबून बसवावें आणि १७० अंश सेल्सियस उष्णतेवर दहा मिनिटें भाजून पुरतें निववावें. लोण्याचें काम केवळ चवीचें नसतें. तें प्रत्येक कणाला वेढून पाण्याची वाट अडवितें.

खरी कसोटी पुढें आहे. अमेरिकन पद्धतींत अंडीं घालून हा पदार्थ भट्टींत भाजतात. न भाजतां थिजवावयाचा तर जिलेटिन वापरतात. जिलेटिन जनावरांच्या कातडीहाडांचें असल्यामुळें पुष्कळ घरांत तें चालत नाहीं. त्याऐवजीं समुद्रशेवाळापासून होणारें चायना ग्रास घ्यावें. पण त्याचा स्वभाव अगदीं निराळा. जिलेटिन कोमट पाण्यांत विरघळतें व उन्हाळ्यांत टेबलावर पुन्हां पातळ होऊं लागतें. चायना ग्रास जवळजवळ उकळत्या पाण्यावांचून विरघळत नाहीं आणि ३५ ते ४० अंशांवर येतांच थिजतें. बहुतेकांची फजिती येथेंच होते. शीतपेटींतून नुकत्याच काढलेल्या चक्क्यांत गरम द्रावण ओतलें कीं तें तत्क्षणीं थिजून साबुदाण्यासारखे दाणे होतात, आणि मग कितीहि घुसळलें तरी ते मोडत नाहींत. म्हणून मिश्रणाचें भांडें आधीं कोमट पाण्यांत ठेवून मिश्रण हाताला कोमट लागेल इतकें करावें. त्यांतील दोन-तीन चमचे प्रथम गरम द्रावणांत घोटावे, आणि मगच तें सर्व भराभर एकत्र करावें. लिंबाचा रस द्रावणाबरोबर कधींहि उकळूं नये. आंबटानें त्याची थिजण्याची शक्ति घटते.

थर दोन करावयाचे असल्यानें मिश्रणाचे दोन भाग करावे आणि दर भागाला २ ग्रॅम चायना ग्रासची पूड ७५ मिलिलिटर पाण्यांत तीन मिनिटें उकळून घालावी. पुडीची ताकद सारखी नसते. तेव्हां चमचाभर द्रावण थंड बशींत टाकून तें घट्ट थिजतें कीं नाहीं हें आधीं पाहावें.

फळाच्या थरासाठीं ३०० ग्रॅम दबलेलीं फळें चुरून, ७५ ग्रॅम साखर व एका लिंबाचा रस घालून आठ-दहा मिनिटें शिजवावीं. शेवटीं दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लॉवर थोड्या पाण्यांत कालवून घालावें व एक कढ आणावा. चमच्यावरून ओघळ न येतां गोळा पडला पाहिजे. पहिला पांढरा थर नुकताच थिजला म्हणजे त्यावर हें थंड मिश्रण पसरावें. पण कडेनें बोटभर जागा मोकळी सोडावी. त्या जागीं वरचा पांढरा थर खालच्याला जाऊन मिळतो. ही किनार ठेवली नाहीं तर सुरी लागतांच वरचा थर खालच्यावरून घसरतो. दुसरा थर ओतल्यावर भांडें निदान सहा तास शीतपेटींत राहूं द्यावें.

आतां वरचा चुरा. ६० ग्रॅम मैदा किंवा ओट, ४० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम थंड लोणी आणि तितकेच बदामाचे जाड तुकडे बोटांनीं चोळावे. खड्यांसारखें झालें पाहिजे, कणीक होतां कामा नये. १६० अंशांवर पंधरा-वीस मिनिटें, मध्यें एकदां हलवून, बदामी रंगावर भाजावें. भट्टी नसल्यास जाड बुडाच्या कढईंत मंदाग्नीवर परतावें. भट्टींतून काढतांना तें मऊच लागतें. कुरकुरीतपणा येतो तो निवतांना. पुष्कळजण या मऊपणाला फसून आणखी भाजतात व करपवितात. अमेरिकेंत वाळविलेल्या स्ट्रॉबेरीची पूड मिसळून लाल-पांढरा चुरा करण्याची हौस आहे. रंग देखणा येतो, पण ती पूड हवेंतील दमट फार लवकर ओढते, म्हणून ती अगदीं ऐन वेळीं मिसळावी.

हा चुरा आदल्या रात्रीं वर पेरून ठेवणें म्हणजे सगळी मेहनत वायां घालविणें होय. ओला थर आणि सुका चुरा एकमेकांना चिकटून राहिले कीं पाणी कोरड्याकडे सरकत जातें व सकाळीं लगदा हातीं येतो. तो घट्ट झांकणाच्या डब्यांत वेगळा ठेवावा. सजावटीचीं चांगलीं फळेंहि आधीं कापूं नयेत, त्यांवर साखर तर मुळींच भुरभुरूं नये. साखर फळांतलें पाणी बाहेर ओढते आणि पांढऱ्या थरावर लाल ओघळ उतरतात. फळें देंठासकट धुवावीं, फडक्यावर कोरडीं करावीं, आणि मगच देंठ खुडावे. देंठ काढून धुतलेलें फळ आंत पाणी घेतें.

वाढतेवेळीं प्रथम कडेनें सुरी फिरवून भांड्याची कडा सोडवावी. सुरी गरम पाण्यांत बुडवून, पुसून, दर कापाला पुन्हां तसेंच करावें. तुकडा ताटलींत पडल्यावर त्यावर फळाच्या फोडी आणि मूठभर चुरा. उरलेला भाग झांकून शीतपेटींत दोन दिवस चांगला राहतो. तिसऱ्या दिवशीं तळ मऊ पडलेला असतो.