‘शब्द दिला’ म्हणजे नेमकं काय दिलं? जहाजांच्या बातम्या अशा पारखून घ्या



समुद्रात कुठं जहाज अडलं, की दोन दिवसांत आपल्या फोनवर मेसेज फिरायला लागतात. “अमुक देशाने भारताला शब्द दिला.” “सगळे सुटणार.” “तमुक देशाने दगा दिला.” खाली झेंडे, आणि शेवटी “सगळ्यांना पाठवा”.

बालाघाटहून समुद्र लांब आहे. आपला डोंगा वैनगंगेत नाहीतर तलावात वल्ह्यावर चालतो. तरी याची झळ आपल्याला लागते. मासोळी बाजारात नेणारी गाडी डिझेलवर चालते, जाळ्याचा नायलॉन धागा तेलापासूनच बनतो. भाव वाढणार असं वाचून कोणी उधारीवर जाळं घेऊन ठेवतो, तर उतरणार असं वाचून कोणी थांबतो. आणि ज्या घरचा पोरगा जहाजावर नोकरीला आहे, त्या घरात अशा एका मेसेजवर रात्रीची झोप अवलंबून असते. म्हणून आज एक जुनं प्रकरण सांगतो. ते मच्छीमारांचंच आहे, आणि त्यात एक नाही, तीन वेळा “शब्द दिला” असं बोललं गेलं.

केरळची बोट आणि इटलीचं जहाज

त्या काळात सोमालियाच्या समुद्री चाच्यांनी हिंदी महासागरात धुमाकूळ घातला होता. म्हणून मालवाहू जहाजांवर बंदूकधारी पहारेकरी ठेवत. इटलीने तर आपल्या नौदलाचे सैनिकच बसवले होते. १५ फेब्रुवारी २०१२ ला ‘एनरिका लेक्सी’ या इटलीच्या तेलवाहू जहाजावरून केरळच्या किनाऱ्यापुढे ‘सेंट अँटनी’ या मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या गेल्या. चाचे आहेत असं वाटलं, हे इटलीचं म्हणणं. बोटीवरचे दोन मच्छीमार जागीच गेले. जहाज कोचीला आणलं, दोन सैनिकांना अटक झाली. मग दोन्ही देशांत वर्षानुवर्षं खटला चालला.

पहिला शब्द : “परत येतील”

२०१२ च्या नाताळाला हे सैनिक केरळ उच्च न्यायालयाच्या परवानगीने घरी गेले आणि मुदतीत परत आले. नंतर २२ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना इटलीत मतदानासाठी चार आठवडे जाऊ दिलं. ते परत येतील अशी लेखी हमी इटलीचे राजदूत डॅनिएले मान्चिनी यांनी न्यायालयात दिली होती.

११ मार्चला इटलीने सांगितलं, सैनिक येणार नाहीत. १४ मार्चला न्यायालयाने राजदूतांना देश सोडायची मनाई केली. २२ मार्चला दोघेही सैनिक भारतात परतले. त्यावरून इटलीत एवढा वाद झाला, की तिथले परराष्ट्रमंत्री जुलिओ तेर्त्सी यांनी २६ मार्चला राजीनामा दिला.

आता “इटलीने शब्द मोडला” हे खरं की खोटं? ११ मार्चला विचारलं असतं तर खरं. २२ मार्चला विचारलं तर शब्द मुदतीत पाळला गेला. मेसेजवर तारीख नसेल तर तो कोणत्या दिवसाचा हे कळतच नाही, आणि जुना मेसेज नवा म्हणून फिरत राहतो. दुसरं असं, की ही हमी टीव्हीवरची नव्हती. ती सहीनिशी न्यायालयात होती, तिला मुदत होती. म्हणूनच न्यायालय राजदूतांना धरू शकलं.

दुसरा शब्द : “फाशी नाही”

सैनिक परतले त्याच दिवशी तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद यांनी संसदेत निवेदन केलं. प्रस्थापित कायद्याप्रमाणे हे प्रकरण फाशीच्या शिक्षेच्या, म्हणजे ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ वर्गात बसत नाही, असं इटलीला कळवल्याचं त्यांनी सांगितलं.

हा शब्द नीट पाहा. त्यात “सोडून देऊ” नाही, “शिक्षा कमी करू” नाही. आपला कायदा काय म्हणतो एवढंच समोरच्याला कळवलं. याला कोणी “भारताने सौदा केला” म्हटलं, तर तो अर्थ त्याने स्वतः जोडलेला आहे. संसदेतल्या निवेदनात तो नाही.

तिसरा शब्द : “तपास करू”

शेवटी प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेलं. त्याचा निकाल २ जुलै २०२० ला बाहेर आला. सैनिक सरकारी कामावर होते, म्हणून भारताला त्यांच्यावर खटला चालवता येणार नाही, असं लवादाने म्हटलं. पण मच्छीमारांचा जीव गेला, बोटीचं नुकसान झालं, त्याची भरपाई इटलीने द्यावी, असंही सांगितलं. आणि फौजदारी तपास आमच्या देशात पुन्हा सुरू करू, हे इटलीचं आश्वासन लवादाने नोंदवून घेतलं.

भरपाई ठरली १० कोटी रुपये. ती जमा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२१ ला भारतातला खटला बंद केला. दोन्ही मृतांच्या वारसांना ४-४ कोटी आणि बोटमालकाला २ कोटी, अशी वाटणी ठरली.

तपासाचं काय झालं? जानेवारी २०२२ मध्ये रोमच्या न्यायाधीशांनी पुरेसा पुरावा नाही म्हणून प्रकरण बंद केलं. वाचून मन कडू होतं. पण “शिक्षा करू” असा शब्द इटलीने दिलाच नव्हता, “तपास करू” असा दिला होता. दोन शब्दांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते अंतर दोन गेलेल्या माणसांच्या घरांना सोसावं लागलं.

न्हावा शेवाकडे येणारं जहाज

आता अलीकडचं. १३ एप्रिल २०२४ ला होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणने ‘एमएससी एरीज’ हे जहाज ताब्यात घेतलं. ते आपल्या महाराष्ट्रातल्या न्हावा शेवा बंदराकडे येत होतं. जहाजावर २५ माणसं होती, त्यातली १७ भारतीय. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर इराणच्या परराष्ट्रमंत्र्यांशी फोनवर बोलले. भारतीय अधिकाऱ्यांना खलाशांना भेटू देऊ, असं इराणने कळवलं.

“भेटू देऊ” म्हणजे “सोडून देऊ” नाही. १८ एप्रिलला केरळची एक तरुणी परत आली, ९ मे ला आणखी ५ जण इराणहून निघाले. म्हणजे जवळपास चार आठवड्यांत १७ पैकी ६. पहिल्याच दिवशी “सगळे सुटले” असं धरून बसलेल्या घराचे ते दिवस कसे गेले असते, हे सांगायला नको.

आपण पारख कशी करायची?

आपल्या संस्थेत हे काम रोजचंच आहे. तलावाच्या पट्ट्याबद्दल कोणी सांगतं, “साहेब हो म्हणाले.” आपण विचारतो, आदेश कुठं आहे? जावक क्रमांक काय? किती वर्षांचा, किती रकमेचा? बोटुकली येणार म्हटलं तर आपण मोजूनच घेतो. देशांच्या शब्दालाही हीच मोजणी लावा.

१. कोण बोलला? मंत्री, राजदूत, न्यायालय, की “सूत्रांनी सांगितलं”?

२. कुठं बोलला? न्यायालयातल्या लेखी हमीचं आणि संसदेतल्या निवेदनाचं वजन वेगळं. सभेतल्या भाषणाचं वेगळं.

३. नेमका शब्द कोणता? “विचार करू”, “भेटू देऊ”, “तपास करू”, “सोडू” हे चार वेगळे शब्द आहेत.

४. मुदत आणि अट काय? मुदत नसलेला शब्द मोडला की पाळला, हे सांगताच येत नाही.

५. दुसरी बाजू काय म्हणते? दोन मंत्री फोनवर बोलले की बहुतेक दोन्ही देश आपापलं निवेदन काढतात. दोन्हींत जे सारखं असेल तेवढंच पक्कं धरा.

६. पुढं काय घडलं? शब्द दिल्याची बातमी मोठी छापतात, पाळल्याची छोटी. ती शोधावी लागते.

आपल्या सरकारचं म्हणणं परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आणि पत्र सूचना कार्यालयाकडे मिळतं. खलाशांच्या बाबतीत मुंबईचं नौवहन महानिदेशालय सूचना काढतं. घरचा माणूस जहाजावर असेल, तर त्याच्या कंपनीचा आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा नंबर आधीच लिहून ठेवा. संकटाच्या दिवशी ग्रुपवरच्या मेसेजपेक्षा तो नंबर कामाला येतो.

सभासदांना एवढंच सांगणं आहे. असा मेसेज आला की पुढं पाठवायच्या आधी संस्थेच्या ग्रुपवर टाका आणि “तपासायचं आहे” असं लिहा. आम्ही या सहा प्रश्नांवर तो पाहू आणि जे सापडेल ते तिथंच कळवू. तोवर त्या मेसेजच्या भरवशावर ना जाळं उधार घ्या, ना माल रोखून धरा.