सही करण्याआधी शब्द वाचा

आमच्या गटातल्या एकीने शेजारणीच्या कर्जाच्या कागदावर सही केली. तिला वाटलं, आपण फक्त साक्षीदार. पण नावाखाली छापलं होतं 'गॅरंटर', म्हणजे जामीनदार. कर्जदाराने हप्ते थकवले तर बँक जामीनदाराकडून वसुली करू शकते. साक्षीदाराला 'विटनेस' म्हणतात. हे कळलं तेव्हा सही होऊन गेली होती.

तेव्हापासून आम्ही दर बैठकीला पाच इंग्रजी शब्द शिकतो. सुटे सुटे नाही, सगळं कुटुंबच. 'पे' म्हणजे पैसे देणं. आधी 'री' लागलं की 'रीपे', परतफेड. 'प्री' लागलं की 'प्रीपे', मुदतीआधीच फेड. 'ड्यू' म्हणजे देणं असलेली रक्कम, 'ओव्हरड्यू' म्हणजे तारीख उलटलेली. 'ओव्हर' कळलं की 'ओव्हरटाइम', 'ओव्हरलोड'ही उलगडतात.

'कोलॅटरल' म्हणजे तारण. उमेद अभियानातल्या गटांना 20 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण द्यावं लागत नाही. म्हणून हा शब्द दिसला की थांबायचं आणि विचारायचं.

वहीत तीन रकाने आखा: शब्द, उच्चार आणि आपल्या व्यवहारातलं एक वाक्य. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने अर्थ झाकून आठवून बघा. नुसतं वाचण्यापेक्षा आठवण्याने शब्द पक्का बसतो.

आणि तरीही अडलं तर साहेबांना सांगा, "याचा अर्थ मराठीत सांगा." लाजायचं नाही. सही त्यानंतरच.