रोटरी ठेवायचं की व्ही-८ टाकायचं?

रोटरी इंजिनाचं कॉम्प्रेशन आधी कानाने तपासतात, मीटर नंतर लावतात. प्लग काढायचे, पेट्रोल आणि स्पार्क बंद करायचे, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा आणि स्टार्टर मारत राहायचं. प्लगच्या भोकातून फुस्, फुस्, फुस् असे आवाज येतात. रोटर त्रिकोणी असतो, त्याच्या प्रत्येक बाजूचा एक फुसकारा. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला एका गॅरेजमध्ये माझ्या मित्राची १९९३ ची माझदा आरएक्स-७ उभी होती. पुढच्या रोटरचे तिन्ही आवाज सारखेच दमदार होते. मागच्याचा एक दमदार, दोन मरतुकडे. मीटर लावायच्या आधीच गॅरेजचे मालक म्हणाले, "टोकाचं सील गेलंय."

त्रिकोणाच्या टोकावरची ही पट्टी म्हणजे दोन कप्प्यांमधली भिंत. ती गेली की शेजारचे दोन्ही कप्पे एकदम बसतात. बाजूचं सील गेलं असतं तर सहसा एकच आवाज पडला असता. मीटरनेही तेच सांगितलं: पुढे तिन्ही आकडे ७ च्या वर, मागे एक ७ आणि दोन ४ च्या खाली, किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. ६ च्या खाली गेलं की इंजिन उघडायचंच.

मग तो प्रश्न आलाच. मित्राला भेटेल तो एकच सल्ला देत होता: रोटरी काढून टाक, जनरल मोटर्सचं एलएस व्ही-८ बसव आणि मोकळा हो. मित्राच्या मनात वेगळंच होतं. इंजिन उघडायचंच आहे तर हवा-धुराच्या वाटा, म्हणजे पोर्ट, मोठे करू, दोन टर्बो काढून एकच मोठा टर्बो लावू, ताकद दुप्पट करू. मालकांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि आधी इंजिन खोलू द्या म्हणाले.

खोलण्याचं काम बघण्यासारखं होतं. पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. लोखंडाच्या तीन जाड पाट्या, त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची दोन घरं, घरात एकेक रोटर, आणि हे सगळं आरपार आवळून धरणारे लांबलचक बोल्ट. बोल्ट निघाले की इंजिन थराथराने उचलून बाजूला ठेवता येतं. एकेका रोटरची क्षमता ६५४ सीसी, दोन मिळून १,३०८. एवढ्याशा इंजिनातून टर्बोच्या मदतीने अमेरिकन मॉडेलला २५५ हॉर्सपॉवर मिळायची, आणि काटा ८,००० आरपीएमपर्यंत सरसर चढायचा. शाफ्टच्या तीन फेऱ्यांत रोटरची एक फेरी होते. प्रत्येक रोटर शाफ्टच्या दर फेरीला एक धक्का देतो. वर-खाली आपटणारं वजनच नसल्यामुळे इंजिन इतकं गुळगुळीत चालतं.

मागच्या रोटरची पट्टी मालकांनी चिमट्याने उचलून माझ्या तळहातावर ठेवली. जाडी २ मिलिमीटर, एका टोकाचा तुकडा उडालेला. तो तुकडा बाहेर पडताना घराच्या आतल्या क्रोमवर लांब ओरखडा काढून गेला होता आणि पुढे एक्झॉस्टमधून जाताना टर्बोच्या पात्यांनाही खाचा पाडून गेला होता. साध्या इंजिनाला बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकता येतात. इथे तो मार्ग नाही. क्रोम गेलं की घर बदलायचं.

या पट्टीपायी माझदाच्या लोकांनी किती वर्षं घालवली असतील, ते ती हातात घेतल्यावर जाणवतं. हिरोशिमात केनिची यामामोतो आणि त्यांचे इंजिनिअर १९६० च्या दशकात याच ठिकाणी अडले होते. पट्टी थरथरायची आणि घराच्या आत ओरखड्यांची रांग उठायची. त्या ओरखड्यांना ते सैतानाची नखं म्हणत. शेवटी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या पट्ट्यांनी ते सुटलं आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली.

पण पट्टी तुटली कशाने? मालकांनी उत्तरादाखल कूलंटचं रबरी सील उचललं. ते बोटांत वाकलं नाही, मोडलं. इंजिन कधीतरी चांगलंच तापून गेलं होतं. पिस्टनच्या इंजिनात थंड हवा आणि जाळ एकाच सिलिंडरमध्ये आळीपाळीने येतात. रोटरीत घराची एक बाजू कायम गार हवा घेते आणि दुसरी कायम जाळ सोसते, चुलीवर अर्धाच ठेवलेल्या तव्यासारखी. गरम बाजू फुगते, गार बाजू जागची हलत नाही, आणि मधली रबरी सीलं भरडली जातात. त्यात टर्बोची उष्णता. एक जोरदार नॉक, म्हणजे इंधनाचा अवेळी भडका, बसला की पट्टी जाते. मालकांनी जुनी प्लॅस्टिकची टाकीही दाखवली, कूलंटमधली हवा वेगळी करणारी. तिच्या सांध्यावर केसाएवढी चीर होती. डॅशबोर्डवरच्या मूळ टेंपरेचर गेजचा काटा तर मधल्या पट्ट्यातच रेंगाळतो. तो वर सरकेपर्यंत व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं.

मला जे पटलं ते इथेच पटलं. लोक रोटरीला नाजूक म्हणतात. पण १९९१ मध्ये ल माँची चोवीस तासांची शर्यत माझदाच्या ७८७बी ने जिंकली ती चार रोटरच्या इंजिनावर, सातशेच्या घरात हॉर्सपॉवर काढून. त्याला टर्बो नव्हता आणि पट्ट्या सिरॅमिकच्या होत्या. रोटरी इंजिन मरतं ते उष्णतेने आणि हयगयीने. मोठा टर्बो लावणं म्हणजे नेमकं जे त्याला मारतं तेच वाढवणं. ज्याला ट्रॅकवर पळवायची आहे, दर काही मोसमांनी इंजिन उघडायची तयारी आहे, त्याने ते जरूर करावं. रोज ऑफिसला जाणाऱ्याने नाही.

व्ही-८ ची बाजूही मी मनापासून मांडतो, कारण तिला उगाच नावं ठेवली जातात. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेलं एलएस१ हे ५.७ लिटरचं इंजिन पूर्ण ॲल्युमिनियमचं आहे. कॅम ब्लॉकमध्येच असल्यामुळे माथा आटोपशीर. आरएक्स-७ चे टर्बो, इंटरकूलर, पाइप सगळे उतरवून वजन मांडलं तर फरक लोकांना वाटतो त्याहून बराच कमी निघतो. ३४५ हॉर्सपॉवर कुठलीही करामत न करता मिळते, पार्ट कुठेही मिळतात, मेकॅनिकही. मात्र इंजिनाबरोबर सबफ्रेम, गिअरबॉक्स, वायरिंग, डिफरन्शियलची माउंटिंगं, सगळं बदलतं. कायद्याचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, त्याची प्रदूषण नियंत्रणाची सगळी यंत्रणा सोबत यायला हवी आणि राज्याच्या तपासनीसाकडून, म्हणजे रेफरीकडून, तपासून घ्यायला हवं. हे करता येतं. राज्याची मंजुरी नसलेला मोठा टर्बो मात्र स्मॉग म्हणजे धुराच्या तपासणीत पास होत नाही. म्हणजे रस्त्यावर चालवायच्या गाडीला व्ही-८ चा मार्ग सिंगल टर्बोपेक्षा सरळ आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

तरीही मी मित्राला म्हटलं, "अरे, ही गाडी या इंजिनाभोवती बेतलेली आहे." इंजिन इतकं लहान म्हणून ते पुढच्या ॲक्सलच्या मागे, खाली बसवता आलं, म्हणून बॉनेट इतकं खाली आलं, म्हणून वजन दोन्ही ॲक्सलवर जवळपास सारखं पडलं. व्ही-८ टाकून ती वेगवान होईल, पण ८,००० ला चढणारा तो सूर जाईल. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग मालकांना म्हणाला, "मूळचंच उभं करा."

जोडणी मालक एकट्याने करतात, त्या वेळी फोनही घेत नाहीत. बाजूच्या सीलची फट फीलर गेजने एकेक करून पाहिली, जास्त घट्ट वाटलेली सीलं टोकाशी घासून घेतली. खाचांत व्हॅसलीन भरून स्प्रिंगा आणि रबरी सीलं चिकटवली, म्हणजे वरचा थर उतरताना काही सरकत नाही. मधली पाटी बसवताना शाफ्ट जरासा उचलून धरावा लागतो, तिथे त्यांनी मला हात लावू दिला. शेवटी डायल गेज लावून शाफ्टची पुढे-मागे होणारी ढिलाई मोजली. ती ०.०४ ते ०.०७ मिलिमीटरमध्ये बसावी लागते. पहिल्यांदा जास्त आली, स्पेसर बदलला, पुन्हा मोजली.

पैशाचं म्हणाल तर मोठ्या टर्बोसाठी बाजूला ठेवलेली रक्कम जवळपास पुरली. मागचं घर नवीन, सगळी सीलं नवीन, मूळचेच दोन टर्बो दुरुस्त करून, मोठा ॲल्युमिनियमचा रेडिएटर, एकाऐवजी दोन ऑइल कूलर, प्लॅस्टिकच्या जागी धातूची टाकी, व्हॅक्यूमच्या झाडून सगळ्या नळ्या सिलिकॉनच्या, आणि खरं तापमान आकड्यात दाखवणारं वेगळं गेज. ताकद होती तेवढीच, २५५. आता मित्र पंपावर थांबला की टोकाच्या पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून आधी टाकीत टू-स्ट्रोक ऑइल मोजून ओततो, मग पेट्रोल भरतो.