गावी जाताना बुजऱ्या मांजराची सोय

लिंबायतमधील मराठी कुटुंबांपैकी पुष्कळ मूळची खानदेशातील आहेत. उन्हाळ्याची अथवा दिवाळीची सुटी लागली, की उधन्याहून नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जाणाऱ्या गाड्या भरून जातात. घराची किल्ली शेजारी दिली जाते. परंतु मांजराचे काय करावयाचे, हा प्रश्न बहुधा निघण्याच्या दिवशीच सुचतो. ‘मांजर काय, कोठेही पोट भरील’ असे म्हणून त्यास बाहेर ठेवले जाते. धीट मांजर कदाचित निभावून नेईल. भित्र्याचे मात्र हाल होतात.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. मांजर जागेला फार धरून असते. ते खाटेला, दाराला गाल घासते, तो नुसता लडिवाळपणा नव्हे. त्याच्या गालांत वासाच्या ग्रंथी असतात व घासताना ते आपली खूण ठेवीत असते. ही खूण असेल तेथे ते निर्धास्त राहते. म्हणून भित्र्या मांजरास परक्या घरी नेण्यापेक्षा त्याच्याच घरी ठेवावे आणि ओळखीच्या माणसाने दोन वेळा येऊन जावे, ही व्यवस्था उत्तम.

ओळख मात्र आधी व्हावयास हवी. निघण्यापूर्वी आठ-दहा दिवस शेजारणीस रोज बोलवावे व तिच्याच हातून खाणे घालवावे. तिने मांजरास धरू नये, नुसते बसून राहावे. जवळ यावयाचे ते मांजरच ठरवील. ते खाटेखाली किंवा माळ्यावर दडले, तर ओढून काढू नये. दडण्याची जागा हाच त्याचा धीर असतो. आपला एखादा न धुतलेला कपडा त्याच्या जागी ठेवावा. शेजारणीने आत येताच प्रथम दार लावावे, मग हाक मारावी.

पाणी दोन ठिकाणी ठेवावे. पत्र्याच्या खोल्या मे महिन्यात फार तापतात, म्हणून जाळीची खिडकी उघडी असावी. वाळूचे घमेले रोज साफ करावे. दुधाची वाटी भरून ठेवण्याची चाल मात्र बरी नव्हे. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही व जुलाब होतात. नेहमीचेच अन्न द्यावे.

दोन गोष्टींवर लक्ष असावे. मांजराने पूर्ण एक दिवस काही खाल्ले नाही, तर पशुवैद्यास विचारावे. अधिक उपास घडल्यास, विशेषतः लठ्ठ मांजराचे, यकृत बिघडते. बोका वारंवार घमेल्यात बसूनही लघवी होत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा; त्यात जिवास धोका असतो. माणसाची तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरास विषासमान आहे. ती कधीही देऊ नये. पशुवैद्याचा व आपला दूरध्वनी क्रमांक, थोडे पैसे आणि झाकणाची टोपली शेजारणीकडे ठेवून जावे.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे, भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत पाळीव प्राणी सबळ कारणावाचून टाकून देणे हा गुन्हा आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा साधा विचार पुरेसा आहे. आपण केव्हा परतणार, हे मुलांना सांगता येते. मांजरास सांगता येत नाही. त्याला इतकेच कळते, की घर तेच आहे, आणि ठरल्या वेळी कोणीतरी आपले माणूस येते. तेवढी तजवीज केल्याशिवाय गाडीत पाऊल ठेवू नये.