सरकारी विमा उक्ता दिला तेव्हा

आज आम्ही सांगणार आहोत अमेरिकेतल्या आयोवा राज्याविषयी. मका आणि सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचं हे राज्य.

तिथे गरीब कुटुंबं, गरोदर बाया, अपंग माणसं यांच्या उपचारांचा खर्च ‘मेडिकेड’ ही सरकारी योजना करते. ही योजना १९६५ सालची. पैसा केंद्र आणि राज्य मिळून घालतात. आयोवात पूर्वी बहुतेकांसाठी रीत सरळ होती. डॉक्टरांनी उपचार केले, बिल सरकारकडे गेलं, सरकारनं ते भागवलं.

१ एप्रिल २०१६ रोजी राज्यानं साडेपाच लाखांहून जास्त लोकांचा हा कारभार तीन खासगी कंपन्यांकडे सोपवला. या पद्धतीला ‘मॅनेज्ड केअर’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर काम उक्तं दिलं. घराचा गिलावा उक्ता दिला की रक्कम आधीच ठरते. कमी खर्चात उरकला, तर उरलेले पैसे कंत्राटदाराचे. तसंच सरकार कंपनीला माणशी दरमहा ठरावीक रक्कम देतं. उपचार कुठे आणि किती, हे मग कंपनी बघते.

याचा फायदाही आहे. राज्याला खर्चाचा अंदाज आधी येतो. आणि साखर, रक्तदाब वेळेवर तपासून माणूस आजारी पडूच दिला नाही, तर कंपनीचेही पैसे वाचतात. पण उक्त्या गिलाव्यात सिमेंट कमी पडतं, तशी उपचारांतही काटकसर होऊ शकते. आयोवात तेच गाऱ्हाणं झालं. दवाखाने म्हणाले, बिलं थकली. अपंगांच्या घरचे म्हणाले, घरी येणाऱ्या मदतनिसाचे तास कापले. मदतनीस यायची थांबली की ते काम घरातल्या कुणाच्या अंगावर पडतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पुढे नोव्हेंबर २०१७च्या अखेरीस एक कंपनी बाहेर पडली. तिच्याकडच्या दोन लाखांहून जास्त लोकांना दुसरीकडे जावं लागलं. २०१९च्या मध्यावर आणखी एक गेली. कंपनी बदलली की यादी बदलते, आणि नेहमीचा डॉक्टर नव्या यादीत आहे का, हे पुन्हा शोधावं लागतं.

मात्र एक हक्क तिथल्या लोकांकडे आहे. उपचार नाकारले तर कंपनीला तसं लेखी कळवावं लागतं. त्यावर आधी कंपनीकडे आणि मग राज्याकडे दाद मागता येते.

आपल्याकडच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची रचना वेगळी आहे. तरी रुग्णालयांची यादी आणि आधी घ्यायची मंजुरी इथेही आहेच. म्हणून नुसतं कार्ड पेटीत जपून ठेवू नका. घरात कुणी आजारी पडण्याआधीच तीन गोष्टी विचारून ठेवा. जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे? आपला आजार योजनेत बसतो का? मंजुरी नाकारली, तर तक्रार कुठे करायची? यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. त्यांना विचारा, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.