साकुरा : एका झाडाची लक्षावधी कलमे

साकुराचे फूल म्हणजे जीविताच्या क्षणभंगुरतेचे प्रतीक, हे जपानविषयी लिहिणाऱ्यांनी इतक्या वेळा सांगितले आहे की, ज्या झाडावर हा अर्थ लादला गेला त्या झाडाचीच चौकशी करण्याची तसदी आता सहसा कोणी घेत नाही.

आठव्या शतकात जपानी दरबाराचा ओढा चीनकडून आलेल्या ‘उमे’च्या, म्हणजे जपानी जर्दाळूच्या, फुलांकडे होता, ‘मान्योशू’ या प्राचीन काव्यसंग्रहात साकुरापेक्षा उमेवरच्या कविता कितीतरी अधिक आहेत. पुढे क्योतोच्या सरदारांनी ज्या साकुरावर जीव जडवला तो ‘यामाझाकुरा’, म्हणजे डोंगरातला रानसाकुरा. तो बीजापासून उगवतो, म्हणून प्रत्येक झाडाची प्रकृती निराळी. एक आधी फुलते, दुसरे मागाहून, आणि फुलांसोबतच कोवळी तांबूस पालवीही येते. योशिनोच्या डोंगरावर हा बहर पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढत जातो. तेथे फुलांचा विरह आहे, पण तो ज्या त्या झाडाचा आहे.

आज जपानभर दिसणारा साकुरा मात्र बहुतांशी ‘सोमेइ योशिनो’ आहे. एदो, म्हणजे आजच्या तोक्यो, शहरालगतच्या सोमेइ गावच्या माळ्यांनी एकोणिसाव्या शतकात प्रसारात आणलेला हा संकर स्वपरागाने फळत नाही. म्हणून आपल्या हापूसप्रमाणे तो कलमांनीच वाढवावा लागतो, आणि त्यामुळे देशातील यच्चयावत सोमेइ योशिनो जनुकदृष्ट्या एकच झाड ठरतात. मेइजी सम्राटाच्या काळापासून शाळा, नदीकाठ, किल्ले आणि लष्करी छावण्यांतून त्यांच्या रांगा लागल्या. पालवीपूर्वीच सारी झाडे एकदम फुलायची आणि आठवडा-दोन आठवड्यांत एकदम गळायची. या शिस्तबद्ध गळण्यातच लष्करशहांना सैनिकाच्या मरणाचा आदर्श सापडला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस वैमानिकासह शत्रूच्या जहाजावर आदळणाऱ्या विमानबाँबला ‘ओका’, म्हणजे साकुराचे फूल, हेच नाव मिळाले. सनातन राष्ट्रधर्म म्हणून जे मिरवले गेले, त्याचा देखावा वस्तुतः रोपवाटिकेने नुकताच पुरवलेला होता!

या एकजिनसीपणाचा शास्त्राला मात्र लाभ झाला. साकुराच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात, शरदात निद्रिस्त होतात, हिवाळ्याच्या थंडीने त्यांची निद्रा मोडते आणि मग उबेच्या प्रमाणात त्या वाढतात. झाडे एकाच प्रकृतीची असल्याने बहराच्या तारखांतील फरक प्रामुख्याने हवामानाचा, असा हिशेब मांडता येतो. तोक्योत हवामान खात्याचे नमुना-झाड आहे ते यासुकुनी देवस्थानाच्या आवारात, म्हणजे नेमके युद्धातील मृतांच्या स्मृतिस्थानी. त्यावर पाच-सहा फुले उमलली की बहर सुरू झाल्याचे अधिकृतपणे जाहीर होते.

क्योतोच्या जुन्या रोजनिश्यांतून बहराच्या नोंदी नवव्या शतकापर्यंत मागे नेता येतात, आणि २०२१ साली तेथील पूर्ण बहर २६ मार्चलाच येऊन १४०९ सालचा विक्रम मोडला गेला. परंतु उष्मा वाढला की बहर अलीकडेच येईल असेही नाही. दक्षिणेच्या कागोशिमाकडे सौम्य हिवाळ्यात कळ्यांना पुरेशी थंडी मिळत नाही, त्यांची झोप नीट मोडत नाही, आणि एखाद्या वर्षी तोक्यो फुलून गेले तरी तेथील झाडे उमलण्याच्या तयारीतच असतात.